एकवीस लबाड आणि एक गायकवाड

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं अक्षरं गाळायचं काम केलं. रंग बनवणारे वेगळे. संध्याकाळी गेटबाहेर पडताना कुणाचा कान जांभळा तर कुणाची नखं पिवळी, असे ते ओळखू यायचे. माझ्या हाताला कधी काही लागलं नाही, त्यामुळे मी नेमकं काय करते हे आमच्या घरातही कुणाला सांगता यायचं नाही. सासूबाई शेजारणींना सांगत, "सूनबाई कंप्युटरवर असते." जणू मी रोज सकाळी डबा घेऊन त्याच्यावर चढून बसत होते.

तर काम सांगते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपनीत युनिक्सवर चालणारं एक मशीन आलं. मशीन एकच, त्याला जोडलेले चार पडदे. पडद्यावर चित्रं नाहीत, माउस नाही, काही नाही. काळ्यावर हिरवी अक्षरं आणि तुमच्या हुकमाची वाट बघत लुकलुकणारी एक खूण. आपण एक ओळ टाइप करायची, ती ओळ म्हणजे हुकूम. 'सॉर्ट' म्हटलं की हजार नावांची यादी एबीसीडीप्रमाणे लागायची. 'ग्रेप' म्हटलं की त्यातून हव्या तेवढ्याच ओळी वर यायच्या. 'कट' ओळीचा हवा तो तुकडा कापून द्यायचा, 'सेड' एका शब्दाच्या जागी दुसरा बसवायचा. प्रत्येक हुकूम एकच काम करायचा, पण एकाच्या तोंडातून बाहेर पडलेलं सरळ दुसऱ्याच्या तोंडात घालता यायचं. या जोडणीला पाइप म्हणत.

मुंबईहून ट्रेनिंगला येणाऱ्या टायवाल्या पोरांना हा पाइप समजवायला मला अर्धा दिवस लागायचा. आमच्या प्लांटमधल्या माणसांना एका वाक्यात कळायचा. कंप्युटरची खोली ही कारखान्यातली एकमेव थंड खोली होती, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांनाच तिथे काहीतरी काम निघायचं. त्यात पहिला नंबर बॉयलरवरच्या प्रकाश गायकवाडांचा. राहायला उल्हासनगरच्या बॅरकमध्ये, आवाज बॉयलरच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, हे तुम्ही दिवसभर खटखट काय करता?" मी म्हटलं, एका बाजूने यादी सोडायची, ती पहिल्या हुकमातून जाते, मग दुसऱ्यातून, शेवटी स्वच्छ होऊन बाहेर पडते.

"म्हणजे आपल्या प्लांटचंच काम. रिअॅक्टर, फिल्टर, ड्रायर, पॅकिंग," ते म्हणाले. "फक्त वास नाही."

"हो."

"आणि व्हॉल्व्ह कुठाय?"

"व्हॉल्व्ह नसतो."

"नसतो? मग चुकीचा माल सुटला तर माघारी कसा घेता?"

"चुकत नाही हो, मशीन आहे ते," मी म्हटलं. प्रेशरचा काटा लाल रेघेला टेकल्यावर बघतात तसे त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घाम पुसत निघून गेले.

खरं तर तेव्हा मी जरा चढलेच होते. चार पडद्यांच्या खोलीची सुपरवायझर, तीही बाई. मॅनेजरसुद्धा दार ढकलण्याआधी टकटक करायचे. पर्सोनेलच्या साहेबांनी एकदा वार्षिक समारंभाच्या निमंत्रितांची यादी मागितली. मी दोन मिनिटांत सॉर्ट करून दिली, तर ते लालबुंद होऊन आले. चेअरमनसाहेबांचं आडनाव एबीसीडीत खाली असल्यामुळे ते शेवटून तिसरे आले होते, आणि पहिल्या नंबरावर पाण्याचा टँकर पुरवणारा माणूस. "तुमच्या कंप्युटरला चेअरमन कळत नाहीत?" साहेब म्हणाले. त्यांना यादी मानाप्रमाणे हवी होती. मी सांगितलं, प्रत्येक नावापुढे मानाचा नंबर घाला, मशीन लगेच लावून देईल. तो नंबर ठरवायला ऑफिसात आठवडा गेला. सातवा कोण आणि आठवा कोण यावरून दोन सिनियर साहेबांचं बोलणं बंद झालं ते दिवाळीपर्यंत. मशीनने आपलं काम एका सेकंदात केलं, हे मी पुढे कित्येक महिने सगळ्यांना सांगत होते.

माझी दुसरी खोड, बाहेरची कामं घेणं. आमच्या लॅबचे केमिस्ट थडानी उल्हासनगरातल्या कॅम्प दोनचे. त्यांच्या काकांचं तिथे पडद्याच्या कापडाचं दुकान. काकांना नऊशे ग्राहकांना पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून कार्डं पाठवायची होती. त्यांची लाल कापडात बांधलेली जाडजूड वही बघून मला घाम फुटला. सगळे पत्ते बॅरक नंबर, रूम नंबर, आणि पुढे गिरणीच्या मागे किंवा दवाखान्याच्या समोर. दुकानात पाय ठेवताच काकांनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं, मग काम सांगितलं.

"बेटी, जो गुजर गए उनको कार्ड नहीं जाना चाहिए. लेकिन नाम काटना नहीं."

"काका, माणूसच गेला तर नाव ठेवून काय करायचं?"

"वो गया, पर ग्राहक तो मेरा था ना!"

मुळात हे काम अगदी सोपं. मेलेल्यांपुढे खूण करायची आणि ग्रेपला सांगायचं की खूण असलेल्या ओळी सोडून बाकीच्या दाखव. छापायची यादी वेगळी तयार होते, मूळ यादी तशीच राहते. काका खूश झाले. निघताना म्हणाले, "ये याद रख, असली किताब पे कलम नहीं चलाने का." मी पापड खात मान हलवली. आपल्याला शिकवायला पडदेवाला आला, असं मनात म्हटलंही असेल.

खुद्द थडानी तर काकांच्या वरताण. त्यांच्या लॅबमध्ये भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर लहान लहान बाटल्या. कारखान्यातून रंगाची जी जी बॅच बाहेर जाई तिचा चमचाभर नमुना बाटलीत भरून, लेबल लावून, तीन वर्षं जपून ठेवायचा हा रिवाज. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने माल खराब म्हणून तक्रार केली तर बाटली काढून दाखवायची. फळ्यांवर अंथरायला ते माझ्याकडचे जुने, रुंद, भोकाभोकांच्या कडांचे छापील कागद घेऊन जायचे. मी चिडवायची, "थडानीसाहेब, एवढ्या बरण्या तर आमच्या घरी लोणच्याच्या पण नाहीत."

"हसून घ्या मॅडम," ते म्हणायचे. "जब झगडा होता है ना, तेव्हा माणूस नाही बोलत. बाटली बोलते."

आता मूळ गोष्टीकडे येते. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कामगारांनी मिळून बदलापूरला मांजर्लीत हाउसिंग सोसायटी काढली. एक इमारत, चोवीस फ्लॅट आणि अर्ज एकशे त्रेसष्ट. कॅन्टीनमध्ये चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्याला फ्लॅट, असं ठरलं. सोसायटीचे सेक्रेटरी स्टोअर्सचे पाटकर. ते स्वतः मांजर्लीतच भाड्याने राहत होते. त्यांनी अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे आणला, मी नावं मशीनमध्ये भरली, एक प्रत छापून पाटकरांकडून तपासून घेतली. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की काही लोकांनी नशीब दुप्पट करायला दोन दोन अर्ज टाकलेत. एकावर टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरीचा नंबर, बरोबर, दुसऱ्यावर काहीतरी भलताच. ते कपाळाला हात लावून बसले. "बाई, हे निवडायला मला आठवडा जाईल."

"आठवडा कशाला?" मी म्हटलं. "एक ओळ."

आणि मी ती ओळ टाइप केली. टोकन नंबर खोटे आहेत ना, मग ते कापूनच टाक, फक्त नावं ठेव. नावाप्रमाणे लाव, सारखं नाव पुन्हा आलं तर एकच ठेव, आणि उत्तर त्याच फाइलवर लिही. डिस्कवर जागा कमी असायची, त्यामुळे जुन्यावर नवं लिहायची मला सवयच लागली होती. एकशे त्रेसष्ट नावं आत गेली, एकशे एकेचाळीस बाहेर आली. पाटकर बघतच राहिले. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "बावीस लबाड पकडले तुमचे."

ही बातमी अख्ख्या कारखान्यात पसरली. लबाडांची नावं मात्र जाहीर करायची नाहीत, कुणाची अब्रू कशाला घालवायची, असं पाटकरांनी ठरवलं. चांगुलपणाच होता तो. पण नावं फळ्यावर लागली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण आमच्या कारखान्यात प्रकाश गायकवाड दोन होते. एक बॉयलरवरचे, ते तुम्हाला भेटलेच. दुसरे पॅकिंगमधले. अगदी मऊ बोलणारे, पिंपाला झाकण लावतानाही आवाज होऊ न देणारे. एकाचे वडील बाबुराव, दुसऱ्याचे भिकाजी, म्हणजे कागदावर दोघेही गायकवाड प्रकाश बी. दोघांची इतकी दोस्ती की रोज एकाच टेबलावर डबे उघडायचे. गेटपासून कॅन्टीनपर्यंत सगळे त्यांना गायकवाड बॉयलर आणि गायकवाड पॅकिंग म्हणायचे, आणि कधी कुणाचा घोटाळा झाला नाही. गायकवाड पॅकिंग बायको आणि तीन मुलांसह अंबरनाथला मेहुण्याच्या घरात, मधे पडदा लावून राहत होते. रविवारी आमची विहारात गाठ पडायची, तेव्हा त्यांची बायको मला विचारायची, "ताई, चिठ्ठ्या कधी काढणार?" मी या दोघांना रोज बघत होते. पण मशीनसमोर बसले की मला माणसं दिसत नव्हती, ओळी दिसत होत्या.

चिठ्ठ्या शनिवारी निघाल्या. माझी छापील यादी कात्रीने कापून, घड्या घालून चिठ्ठ्या कॅन्टीनच्या आमटीच्या टोपात टाकल्या होत्या. आठव्या फ्लॅटला पाटकरांनी चिठ्ठी उघडली, "गायकवाड प्रकाश बी!" आणि दोन खुर्च्या एकदम सरकल्या. गंमत म्हणजे दोघेही स्वतःसाठी उठले नव्हते. गायकवाड बॉयलरने गायकवाड पॅकिंगला मिठी मारली आणि गायकवाड पॅकिंग म्हणाले, "अभिनंदन रे." मग दोघे थांबले. कुणीतरी आणलेला पेढा कुणाच्या तोंडात घालायचा ते कळेना, शेवटी तो पाटकरांनीच खाल्ला.

"पण कुठला प्रकाश?" मागून आवाज आला. चिठ्ठीवर फक्त नाव होतं.

पाटकर माझ्याकडे वळले. "बाई, या नावाचा अर्ज एकच ना?"

दुसरी खुर्ची सरकली त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. अख्खं कॅन्टीन माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "यादीत एकच आहे."

वाक्य खरं होतं आणि मी खोटं बोलत होते.

"म्हणजे दोघांपैकी एकाने अर्जच केलेला नाही," पाटकर म्हणाले.

गायकवाड बॉयलर भडकले. "ओ पाटकरसाहेब, खालीपिली काय पण बोलू नका! आम्ही दोघांनी एका टेबलावर, एका पेनाने फॉर्म भरलेत. पेन पण याचंच. माझ्याकडं कधी असतं का पेन?"

"मित्राची साक्ष चालायची नाही. आधीच बावीस लबाड निघालेत."

"मग फॉर्म काढा ना!"

पाटकरांचा चेहरा पडला. अर्ज त्यांच्या घरी, खाटेखालच्या ट्रंकेत होते. खाट तळमजल्यावर, तळमजला मांजर्लीत आणि ऑगस्टात उल्हास नदी त्यांच्या घरी दोन दिवस राहून गेली होती. "सगळ्या अर्जांची एक वीट झालीय," ते म्हणाले. "पण काळजी नको, कंप्युटरमध्ये आहे सगळं." शेवटी ठरलं की गायकवाड बॉयलर नोकरीत जुने, तेव्हा फ्लॅट त्यांचा. गायकवाड पॅकिंगने बुधवारपर्यंत अर्ज केल्याचा पुरावा आणावा, नाहीतर त्यांनी अर्ज केला नव्हता असं धरलं जाईल. गायकवाड पॅकिंगनी डबा पिशवीत घातला आणि ते गेले.

मी का बोलले नाही? सुपरवायझरपणा जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी लाज होती. व्हॉल्व्ह नाही म्हणून मिरवलेल्या माणसाला चुकीचा माल सुटला असं कबूल करणं जड जातं. रविवारी मी विहारात गेले नाही, डोकं दुखतं म्हणाले. सोमवारी फाइल चार वेळा उघडली. ओळ एकच. सोसायटीचं काम खासगी, त्यामुळे कंपनीच्या टेपवर त्याची प्रत नव्हती. मूळ यादी मीच स्वतःच्या हाताने पुसली होती. नुसतं तोंडाने सांगितलं तर पाटकर म्हणणार, बाई आपल्या विहारातल्या माणसासाठी बोलतेय. असं मी स्वतःला पटवत राहिले.

मंगळवारी जेवताना कुणीतरी सांगितलं की गायकवाड पॅकिंग आता एकटेच जेवतात आणि गायकवाड बॉयलर तर डबाच आणत नाहीत. मी माझा डबा तसाच झाकला. आणि तेव्हाच आठवलं. गाळण्याआधी छापलेली ती तपासणीची प्रत! पाटकरांनी परत दिल्यावर मी ती टाकाऊ कागदांत टाकली होती, आणि टाकाऊ कागद कोण नेतं?

मी लॅबमध्ये धावले. "थडानीसाहेब, बाटल्या उचला!"

"पागल झालात काय? हे राखीव सॅम्पल आहेत. रजिस्टरमध्ये एंट्री केल्याशिवाय कोणी हलवणार नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. माझी कबुली ऐकणारे ते पहिलेच. थडानींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "चला, तुम नंबर बोला, मी लिहितो." पहिल्या फळीवरच्या साठ बाटल्या एकेक करून, नोंद करत, खाली उतरवल्या. खाली पगाराच्या फॉरमॅटचा कागद. दुसरी फळी. खाली स्टोअर्सची यादी. तिसऱ्या फळीवर थडानींनी स्वतःच घाई केली, चार बाटल्या नोंदीशिवाय उचलल्या, हे मी आयुष्यभर कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं. ते आज मोडते. खाली बाटल्यांच्या बुडांचे किरमिजी गोल उमटलेले, त्यात माझी यादी. गायकवाड प्रकाश बी, आणि लगेच खाली गायकवाड प्रकाश बी. टोकन नंबर वेगळे आणि दोन्ही खरे.

थडानी एवढंच म्हणाले, "बोलली की नाही बाटली?"

मी तो कागद घेऊन सरळ पाटकरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी दोन ओळी वाचल्या, आवाज खाली आणला. "बाई, आपण असं सांगू की कंप्युटरची चूक झाली."

"कंप्युटरने मी सांगितलं तेच केलं," मी म्हटलं. "चूक माझी. तसंच लिहा."

बुधवारी कॅन्टीनमध्ये उभं राहून मी सगळ्यांसमोर सांगितलं की लबाड बावीस नव्हते. ते एकवीस होते आणि एक गायकवाड होते. लोक हसले. मी हसले नाही. पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या काढाव्यात तर आधीचे तेवीस जण मला जिवंत सोडणार नव्हते. म्हणून त्या एका फ्लॅटसाठी दोघांच्या टोकन नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याला मिळणार नाही त्याचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं ठेवायचं ठरलं. चिठ्ठी बॉयलरची निघाली. गायकवाड बॉयलर इतके खजील झाले की पेढे वाटायच्या ऐवजी माफी मागत फिरत होते.

पण तळमजल्यावरच्या फ्लॅटचं नाव निघालेला एक जण इमारत बघायला मांजर्लीला गेला, अर्धवट भिंतींवर ऑगस्टातल्या चिखलाची गुडघाभर रेघ बघून आला आणि फ्लॅट नको म्हणाला. तो गायकवाड पॅकिंगना मिळाला. रेघेचं सांगितल्यावर ते म्हणाले, "पाणी वर्षातून दोन दिवस येतं. मेहुणा रोज असतो."

इमारत उभी राहिली, दोघे राहायला आले. वर गायकवाड बॉयलर, खाली गायकवाड पॅकिंग, दोन्ही दारांवर एकसारखी पाटी. पोस्टमन सगळी पत्रं खालीच टाकायचा. त्यानंतर मी मूळ फाइलवर कधीही उत्तर लिहिलं नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी लॅबमधल्या फळ्या दाखवायला न्यायची, आणि ते मला विक्षिप्त समजायचे.

गायकवाड पॅकिंगकडे मी नव्या घरी चहाला गेले तेव्हाची गोष्ट सांगून थांबते. बायको कप ठेवून आत गेली. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुम्हाला चार दिवस लबाड म्हणवून घ्यावं लागलं."

"नाही ताई," ते म्हणाले. "आधी मलाच शंका आली होती, फॉर्म खरंच पोचला का. मग पाटकरसाहेबांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. रविवारी विहारात पण आला नाहीत. तेव्हा मी बायकोला म्हटलं, आपला अर्ज पोचलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलणार होता ना. म्हणून थांबलो."

तो कागद कुठल्याही फळीवर सापडला नसता, तर ते किती दिवस थांबले असते, हे मी त्यांना विचारलं नाही.